उघड्या हवेतला काळा थर : प्रकल्प नोंदी, जून 2024 ते एप्रिल 2025

10 जून 2024

मृग लागला आणि आमच्या कामालाही सुरुवात झाली. मंजुरीच्या कागदावर प्रकल्पाच्या उद्दिष्टानं अर्धं पान खाल्लं आहे, इथे एका ओळीत लिहिते. ग्लोव्ह बॉक्स (हवाबंद पेटी) न वापरता, कोल्हापूरच्या पावसाळी हवेत, पेरोव्स्काइट या सौर सेलसाठीच्या स्फटिकी पदार्थाचा थर चढवायचा आणि तो काळाच राहिला पाहिजे, कारण पिवळा पडला की वीज तयार होत नाही.

जगातले बहुतेक विक्रमी पेरोव्स्काइट सेल नायट्रोजन भरलेल्या ग्लोव्ह बॉक्समध्ये तयार होतात. तिथे पाण्याची वाफ दशलक्षात एका भागाच्या आसपास किंवा त्याहूनही खाली ठेवतात. आमच्या खोलीत आज सकाळी हायग्रोमीटर 78 टक्के आर्द्रता दाखवत होता, आणि पाऊस अजून नीट लागलेलाही नाही. ज्या हवेत सेल वर्षानुवर्षं छपरावर राहणार, त्याच हवेत तो बनवता आला तर कारखाना स्वस्त पडेल. शिवाय बनवतानाच तो कुठे हार मानतो, हे आपल्याला आधीच कळेल. हे दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

रचना ठरली: फॉर्मॅमिडिनियम 83 टक्के, सीझियम 17 टक्के, शिसं, आयोडीन आणि थोडंसं ब्रोमीन. मेथिलअमोनियम अजिबात नाही. त्यानं स्फटिक झटकन जमतात हे खरं, पण उष्णता लागली की सगळ्यात आधी तेच थरातून निघून जातं. आपल्याकडच्या उन्हात छपरावरचं पॅनेल किती तापतं, हे हात लावून पाहिलेलं कुणीही सांगेल.

17 जून 2024

गेल्या आठवड्यात चीनच्या लाँगी कंपनीनं सिलिकॉनवर पेरोव्स्काइट बसवलेल्या जोडसेलसाठी 34.6 टक्के कार्यक्षमता जाहीर केली. सकाळपासून विभागात हाच विषय.

आकडा खरोखर मोठा आहे. शॉकली आणि क्वाइसर यांनी 1961 साली मांडलेल्या पद्धतीनं आज हिशेब केला तर एकाच पदार्थाच्या सेलची कमाल मर्यादा 33 टक्क्यांच्या जरा वर येते. त्यातही सिलिकॉनची मर्यादा 29.4 टक्के. जोडसेल ही भिंत ओलांडतो, कारण वरचा पेरोव्स्काइट निळा-हिरवा प्रकाश घेतो आणि लाल-अवरक्त प्रकाश खालच्या सिलिकॉनकडे सोडतो. प्रत्येक फोटॉनची जादा ऊर्जा उष्णता होऊन वाया जायची, ती त्यामुळे कमी जाते.

पण सेलचं क्षेत्रफळ साधारण एक चौरस सेंटिमीटर. विद्यार्थ्यांना मी आज एवढंच सांगितलं: असा आकडा वाचला की लगेच तीन प्रश्न विचारायचे. केवढ्या आकाराचा? किती तास टिकला? कुठल्या हवेत?

2 जुलै 2024

पद्धत आज नीट लिहून ठेवते. पुढच्या बॅचच्या मुलांनाही हीच वही लागणार आहे.

एफटीओ काच (वीज वाहणारा पारदर्शक थर असलेली काच) आधी साबणाच्या पाण्यात, मग अॅसिटोनमध्ये, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये, प्रत्येक वेळी अल्ट्रासोनिक लावून धुवायची. त्यानंतर यूव्ही-ओझोन. तिच्यावर टिन ऑक्साइडचा पातळ थर देऊन 150 अंशांवर भाजायची. मग काच स्पिन कोटरच्या चकतीवर ठेवून व्हॅक्यूम लावायचा. पेरोव्स्काइटचं द्रावण फिकट पिवळं आणि पारदर्शक असतं. ते मायक्रोपिपेटनं काचेवर सोडलं की चकती फिरते, जादाचं द्रावण कडेनं उडून जातं आणि मागे ओला, पिवळसर, ओशट थर उरतो.

सगळं ठरतं ते पुढच्या काही सेकंदांत. गुऱ्हाळात काकवी आटत येते आणि गुळव्या नेमक्या क्षणी काहील उतरवतो, तसाच हा क्षण आहे. द्रावण अतिसंपृक्त झालं की स्फटिकांची बीजं एकदम, सगळीकडे सारखी पडली पाहिजेत. थोडीच बीजं पडली तर मधे भोकं राहतात आणि त्या भोकांतून सेल शॉर्ट होतो. दक्षिण कोरियात सांग इल सोक यांच्या गटानं 2014 साली यावर युक्ती काढली. काच फिरत असतानाच तिच्यावर टोल्युइन टाकायचं. टोल्युइन द्रावक ओढून नेतं आणि बीजं एकाच वेळी पडतात. आज जगभर हीच रीत चालते, बहुतेक जण टोल्युइनऐवजी क्लोरोबेन्झिन वापरतात.

आमच्या खोलीत ही रीत चालत नाही. टोल्युइन काय, क्लोरोबेन्झिन काय, द्रावक ओढतं पण हवेतल्या वाफेला अडवत नाही. म्हणून गरम हवेचा झोत. काच फिरत असताना वरून कोरडी गरम हवा सोडली की द्रावक उडतो आणि ओल्या थराजवळची वाफही मागे सरते. ग्वांगजूच्या चोन्नाम राष्ट्रीय विद्यापीठात 2019 साली बेरियम मिसळलेल्या सीझियम-शिसं-आयोडाइड-ब्रोमाइडवर ही रीत उघड्या हवेत चालवून दाखवली गेली. उष्णतेचा उपयोग त्याही आधीचा आहे. अमेरिकेच्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत आदित्य मोहिते ज्या गटात होते, त्या गटानं 2015 साली तापवलेल्या काचेवर गरम द्रावण ओतून मिलिमीटरभर आकाराचे कण वाढवले होते. कण मोठे असले की त्यांच्यामधल्या सीमा कमी होतात, आणि पाणी आधी शिरतं ते त्या सीमांमधूनच.

आज झोताखाली थर डोळ्यांदेखत बदलला. मधोमध तपकिरी ठिपका उमटला, कडेपर्यंत पसरला, आणि हॉट प्लेटवर ठेवताच आरशासारखा काळा झाला. प्रयोगशाळेतले मामा सहसा मशीनकडे पाठ करून बसतात. आज तेही उठून बघायला आले.

9 जुलै 2024

एक्सआरडी, म्हणजे स्फटिकाची रचना दाखवणारा क्ष-किरणांचा आलेख, आला. काळ्या रूपाचं शिखर 14 अंशांजवळ, ठळक. 12.7 ला शिसं-आयोडाइडचं बारीकसं. 11.8 ला, जिथे नको असलेलं पिवळं रूप दिसतं, काहीच नाही. छान.

27 जुलै 2024

पंचगंगेनं या आठवड्यात राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली. निम्मे विद्यार्थी गावांकडे अडकले आहेत, जे आले तेही लांबच्या वाटेनं आले. वीज येते-जाते. हायग्रोमीटर 90 च्या पुढे.

आज केलेले थर काळे झाले खरे, पण दुपारपर्यंत कडेनं पिवळे पडले. एक्सआरडीला 11.8 चं शिखर उभं राहिलं.

असं का होतं, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. पेरोव्स्काइटच्या रचनेत शिशाभोवती सहा आयोडीन असलेले अष्टफलक एकमेकांना कोपऱ्यांनी जोडलेले असतात आणि त्यांच्या मधल्या पोकळीत मोठा धन आयन बसतो. तो पोकळीत नीट मावतो की नाही, याचं गणित व्हिक्टर गोल्डश्मिट यांनी 1926 सालीच मांडून ठेवलं आहे. फॉर्मॅमिडिनियम पोकळीला जरा मोठा होतो, सीझियम जरा लहान पडतो. म्हणून नुसतं फॉर्मॅमिडिनियम-शिसं-आयोडाइड 150 अंशांच्या आसपास तापवल्यावर काळं होतं, पण खोलीच्या तापमानाला त्याची ओढ पिवळ्या रूपाकडेच असते. दोन्ही आयन मिसळले की सरासरी आकार जमतो आणि काळं रूप टिकतं. पाण्याची वाफ पृष्ठभागावर बसली की काळ्याकडून पिवळ्याकडे जायची वाट सोपी होते. थर विरघळावा लागत नाही, नुसती वाफ पुरते. पिवळ्या रूपात अष्टफलकांची ती जोडणीच मोडलेली असते. मग प्रकाश फारसा शोषला जात नाही आणि वीजही तयार होत नाही.

म्हणजे आमची लढाई तीस टक्के आर्द्रतेशी नाही, नव्वद टक्क्यांशी आहे. पूर ओसरेपर्यंत थर करणं थांबवणार नाही. असे नमुने पुन्हा वर्षभर मिळायचे नाहीत.

14 ऑगस्ट 2024

पीएचडीची विद्यार्थिनी आज विचारत होती, "मॅडम, तुम्ही या विषयात कशा आलात?" थर भाजून होईपर्यंत वेळ होताच, तर तिला सांगितलं. इथेही लिहून ठेवते.

माझी पीएचडी डाय सेलवर, म्हणजे रंगानं प्रकाश शोषणाऱ्या सौर सेलवर झाली. कोल्हापुरात रासायनिक पद्धतीनं पातळ थर करण्याची जुनी परंपरा आहे. महागडं व्हॅक्यूम यंत्र नको. बीकर, क्षारांचं द्रावण आणि संयम असला की झालं. काच एका द्रावणात बुडवा, धुवा, दुसऱ्यात बुडवा, पुन्हा धुवा. या सिलार पद्धतीनं कितीतरी पिढ्यांनी इथे थर केले. मीही टायटॅनियम डायऑक्साइडवर रंग चढवत बसायचे. ग्रेट्झेल आणि ओ'रेगन यांनी 1991 साली दाखवलेला तो सेल सुंदर होता, पण त्यातला द्रव इलेक्ट्रोलाइट गळायचा.

मग 2009 सालचा जपानचा शोधनिबंध वाचनात आला. योकोहामाच्या तोइन विद्यापीठात त्सुतोमु मियासाका यांच्या गटात आकिहिरो कोजिमा या विद्यार्थ्यानं रंगाच्या जागी पेरोव्स्काइट वापरलं होतं. कार्यक्षमता 3.8 टक्के, आणि द्रव इलेक्ट्रोलाइटमध्ये पेरोव्स्काइट विरघळून सेल लवकर मरायचा. तेव्हा फार कुणी लक्ष दिलं नाही.

2012 साली सगळं बदललं. कोरियाचे नाम-ग्यु पार्क आणि ग्रेट्झेल यांनी द्रव काढून टाकून घन पदार्थ वापरला आणि 9.7 टक्क्यांपर्यंत गेले. त्याच वर्षी ऑक्सफर्डमध्ये हेन्री स्नेथ यांच्या गटानं मियासाकांच्या साथीनं 10.9 टक्के गाठले. त्यातली एक गोष्ट मला आजही थक्क करते. त्यांनी टायटॅनियम डायऑक्साइडच्या जागी अॅल्युमिना वापरला. अॅल्युमिना विजेचा निरोधक, तो इलेक्ट्रॉन घेतच नाही. आमच्या समजुतीप्रमाणे सेल बंदच पडायला हवा होता. तो नुसता चालला नाही, व्होल्टेज उलट वाढलं. याचा अर्थ असा की पेरोव्स्काइट फक्त प्रकाश शोषणारा रंग नव्हता. तो स्वतःच इलेक्ट्रॉन वाहून नेणारा उत्तम अर्धवाहक होता. रंगाच्या सेलची सगळी गुंतागुंत एका फटक्यात अनावश्यक ठरली. तो निबंध वाचून मी ठरवलं की पुढचं काम यावरच करायचं.

पुढे पोस्टडॉकसाठी ग्वांगजूला गेले. कोल्हापूर-सोलापूरकडची बरीच मुलं पातळ थरांच्या जोरावर कोरियात पोचली आहेत, त्यांच्यातलीच मी एक. तिथला पावसाळाही दमट, पण प्रयोगशाळेत तो जाणवत नाही. कोरडी खोली वेगळी, ग्लोव्ह बॉक्स वेगळा. परत येताना मनात एकच प्रश्न होता. तिथे जमलेलं इथे, या हवेत कितपत उभं राहील?

9 सप्टेंबर 2024

गणपतीची सुट्टी आहे, तरी लिहायला बसले, कारण बातमी महत्त्वाची आहे. ऑक्सफर्ड पीव्ही या कंपनीनं जर्मनीतल्या ब्रँडेनबर्गच्या कारखान्यातून पेरोव्स्काइट-सिलिकॉन जोडसेलची पॅनेल्स अमेरिकेतल्या ग्राहकाकडे रवाना केली. मॉड्यूलची कार्यक्षमता 24.5 टक्के. प्रयोगशाळेतल्या 34 पुढे हे कमी दिसेल, पण हे पूर्ण आकाराचं, विकलेलं पॅनेल आहे. माझ्या लेखी या वर्षाची खरी बातमी ही.

23 सप्टेंबर 2024

पूर्ण सेलची मोजणी झाली. वरून स्पायरो (धन भार वाहून नेणारा सेंद्रिय पदार्थ), त्यावर सोन्याचा थर.

सोलर सिम्युलेटर आधी संदर्भ सिलिकॉन सेलनं तपासला, चौरस सेंटिमीटरला 100 मिलीवॅट. ठरावीक क्षेत्रावरच प्रकाश पडावा म्हणून सेलवर मास्क लावला. उलट्या स्कॅनला, म्हणजे व्होल्टेज वरून शून्याकडे उतरवताना (ओपन सर्किटकडून शॉर्ट सर्किटकडे), 15 टक्क्यांच्या आसपास. सुलट्या स्कॅनला 12. विद्यार्थिनीचा चेहरा 15 ला उजळला होता, 12 ला उतरला.

ही तफावत पेरोव्स्काइटचा स्वभावच आहे. त्याच्या जाळ्यात आयोडीनच्या रिकाम्या जागा असतात. व्होल्टेज बदललं की आयन हळूहळू सरकतात आणि आतलं विद्युतक्षेत्र बदलून टाकतात. स्कॅन किती वेगानं केला, कुठून सुरू केला, यावर आकडा अवलंबून राहतो. म्हणून खरा आकडा घ्यायचा तर सेल कमाल शक्तीच्या व्होल्टेजवर धरून ठेवायचा आणि वाट बघायची. धरला, 13 वर स्थिरावला. वहीत 13 लिहिला आणि शोधनिबंधातही 13 च जाईल. तिला ते पटलं, जरा वेळानं का होईना.

18 ऑक्टोबर 2024

ऑक्टोबर हीट. हवा कोरडी, थर एकापेक्षा एक सुंदर. आत्ता कुणीही म्हणेल की प्रश्न सुटला. जुलैचे नमुने ड्रॉवरमध्ये आहेत, ते तसं म्हणू देत नाहीत.

आज मोठा निर्णय घेतला. स्पायरो आणि सोनं, दोन्ही बंद. स्पायरोला वीज वाहती करण्यासाठी त्यात लिथियमचा क्षार घालावा लागतो, आणि तो क्षार हवेतलं पाणी ओढून घेतो. म्हणजे ज्याला बाहेर ठेवायचं, त्यालाच आपण थराच्या डोक्यावर बोलावून बसवतो. सोनं महाग आहेच, शिवाय तापल्यावर ते थरांमधून खाली झिरपतं.

त्याऐवजी कार्बन. चीनमधल्या वुहानच्या होंगवेई हान यांच्या गटानं 2014 साली स्पायरोशिवाय, नुसत्या छपाईनं कार्बनचा सेल केला. प्रमाणित कार्यक्षमता 12.8 टक्के, आणि उघड्या हवेत, पूर्ण प्रकाशात हजार तासांवर टिकला. कार्बनची पेस्ट ब्लेडनं ओढून लावता येते. ती पाणी झटकते आणि स्वस्तही आहे.

आकडा घसरणार हे उघड आहे. विद्यार्थिनीनं विचारलंच, "मॅडम, 13 वरून खाली गेलो तर पेपर कुठे लागेल?" तिचा प्रश्न रास्त आहे. परीक्षक आधी कार्यक्षमतेचा तक्ता बघतात. पण आमच्या प्रकल्पाचं नावच उघड्या हवेवर आहे. कोरड्या महिन्यात केलेल्या 15 टक्क्यांच्या सेलपेक्षा जुलैत केलेला आणि पुढच्या जुलैपर्यंत चाललेला 10 टक्क्यांचा सेल मला अधिक सांगतो. तेवढा वेळ विद्यापीठ तिला देईल, याची जबाबदारी माझी.

25 नोव्हेंबर 2024

तालुक्याच्या एका कॉलेजात व्याख्यान दिलं. मागच्या बाकावरून एका मुलानं विचारलं, "यात शिसं आहे ना? शेतात पॅनेल फुटलं तर?" त्याच्या घरच्यांनी 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत अर्ज केला आहे. अख्ख्या व्याख्यानात यापेक्षा चांगला प्रश्न आला नाही.

फळ्यावरच हिशेब केला. थराची जाडी अर्धा मायक्रॉन. एक चौरस मीटरवर तो पसरला तर आकारमान होतं अर्धा घन सेंटिमीटर. घनता साधारण 4, म्हणजे वजन दोन ग्रॅम. त्यात शिसं एक तृतीयांश. चौरस मीटरमागे ग्रॅमभराहून कमी. मोटारीच्या बॅटरीत शिसं किलोंनी असतं.

पण मी तिथेच थांबले नाही. बॅटरीतलं शिसं गोळा होऊन परत भट्टीत जातं. पेरोव्स्काइटमधलं शिसं क्षाराच्या रूपात आहे, पाण्यात ते काही प्रमाणात विरघळतं आणि पाऊस पडला तर मातीत जाईल. म्हणून पॅनेल फुटलं तरी शिसं आतच बांधून ठेवणारा थर लागतो, आणि जुनं पॅनेल परत घेण्याची व्यवस्था विक्रीच्या पहिल्या दिवसापासून असावी लागते. शेतकऱ्याच्या बांधावर जाणाऱ्या वस्तूबद्दल आपण अर्धंच सांगू नये.

13 जानेवारी 2025

कार्बनचे सेल दोन काचांमध्ये, कडेला ब्युटिल रबर लावून बंद केले आणि शेजारच्या विभागाच्या चेंबरमध्ये ठेवले. 85 अंश तापमान, 85 टक्के आर्द्रता. सिलिकॉन पॅनेलला आयईसी 61215 या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे या हवेत 1000 तास काढावे लागतात, शिवाय उणे 40 ते 85 अंशांचे 200 फेरे वेगळे. पेरोव्स्काइटला कुणी सवलत देणार नाही, आणि देऊही नये.

मधेच काढून भिंगाखाली पाहिलं. मधला भाग काळाभोर. तिन्ही कोपरे स्वच्छ. चौथ्या कोपऱ्यात, जिथून तांब्याची पट्टी बाहेर येते, तिथे पिवळी रेघ. पट्टीच्या दोन्ही बाजूंना, नखाच्या कडेएवढी, आत आत निमुळती होत गेलेली. रबर काचेला चिकटतं, पण धातूच्या पट्टीला तितकं नाही. पाणी त्या फटीतून पट्टीच्या कडेकडेनं आत सरकलं. पदार्थ टिकला, जोड हरला. पदार्थविज्ञानात आपण रेणूंवर वर्षं घालवतो आणि सेल मरतो तो वायरच्या भोकापाशी.

20 जानेवारी 2025

पट्टी काढून टाकली. एफटीओच कडेपर्यंत नेऊन जोडणी रबराच्या बाहेर घ्यायची. काच लेसरनं खोदून आणावी लागेल.

19 मार्च 2025

छपरावरच्या सेलची नोंद. दुपारी काचेचं तापमान 60 च्या वर. तापल्यावर सिलिकॉनची कार्यक्षमता दर अंशामागे साधारण 0.3 ते 0.4 टक्क्यांनी उतरते, पेरोव्स्काइटची घट त्याहून कमी असते. आमच्या आलेखातही दुपारचा खड्डा उथळ आहे.

आणखी एक गोष्ट आलेखात स्पष्ट दिसते. संध्याकाळपर्यंत सेल थोडा उतरतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वर असतो. दिवसा प्रकाशात सरकलेले आयन रात्री अंधारात बऱ्याच अंशी जागेवर येतात. चोवीस तास दिवा लावून घेतलेल्या चाचणीत हे दिसणारच नाही. खऱ्या सूर्याखाली रात्र असते, म्हणून छपरावरची चाचणी चेंबरइतकीच गरजेची. जे भरून येत नाही, ते वेगळं काढून मोजायला विद्यार्थिनीनं स्वतःच प्रोग्राम लिहिला आहे. फार नेटकं काम.

21 एप्रिल 2025

लाँगीचा नवा आकडा आला, 34.85 टक्के. विभागात पुन्हा तीच चर्चा. या वेळी प्रथम वर्षाच्या मुलांनीच विचारलं, "मॅडम, केवढा सेल होता? किती तास?" मला फार बरं वाटलं.

पावसाळ्याआधीची तयारी: लेसरनं खोदलेल्या काचा आल्या आहेत. राइस विद्यापीठात मोहिते यांच्या गटानं गेल्या वर्षी द्विमितीय, म्हणजे पापुद्र्यांच्या रचनेचं, पेरोव्स्काइट द्रावणातच मिसळून फॉर्मॅमिडिनियम-शिसं-आयोडाइडला काळ्या रूपात बसवलं, ते आमच्या गरम झोतासोबत जमतं का, हे मे महिन्यात बघायचं. बाहेर जोडणी घेतलेले सेल चेंबरमध्ये आहेत, कोपरे अजून काळे. ड्रॉवरमधल्या जुलैच्या नमुन्यांचे एक्सआरडी पुन्हा घ्यायचे. दुसरा हायग्रोमीटर मागवला आहे, तो स्पिन कोटरच्या अगदी शेजारी बसवायचा, कारण खोलीतला आकडा आणि काचेजवळचा आकडा एक नसतो. जनरेटरच्या डिझेलचं मामांना आजच सांगून ठेवलं.